सर डेव्हिड सालोमन्स व त्यांचा घड्याळांचा संग्रह

संग्रह करण्याचा छंद बालपणी कोणास नसतो? कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी, कोणी काड्यापेट्यांवरील चित्रे, तर कोणी शंखशिंपले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या दप्तरात असा एखादा खजिना हटकून सापडेल. वडील मंडळींस मात्र हा छंद पुष्कळदा वेळेचा व पैशाचा अपव्यय वाटतो. आणि खरे पाहता काही प्रसंगी तो तसा असतोही. संग्रह करणारा केव्हा ज्ञानी होतो आणि केव्हा नुसता लोभी होतो, हा प्रश्न लहानांनी व मोठ्यांनीही विचारात घेण्याजोगा आहे. एका इंग्रज गृहस्थाच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर आम्हांस सापडले, म्हणून ते चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

सर डेव्हिड लायनेल सालोमन्स यांचा जन्म 28 जून 1851 रोजी इंग्लंडातील एका सधन यहुदी घराण्यात झाला. मातृसुख त्यांस फार काळ लाभले नाही, आणि इ. स. 1867 मध्ये पितृछत्रही हरपले. त्यानंतर चुलत्यांनी त्यांचा प्रतिपाळ केला. या चुलत्यांचे नावही सर डेव्हिड सालोमन्स असेच होते, व ते मोठे करारी पुरुष होते. पुतण्याच्या जन्माच्याच वर्षी ते पार्लमेंटात निवडून आले. परंतु त्या काळी सभासदाच्या शपथेत ख्रिस्ती धर्मास अनुसरून काही शब्द असत. जे आपल्या अंतःकरणात नाही ते जिभेने म्हणावयाचे नाही, असा निर्धार करून त्यांनी ते शब्द वगळले, सभागृहात जाऊन ते बसले, त्यांनी मतही दिले, आणि त्याबद्दल 500 पौंडांचा दंड सोसला. पुढे इ. स. 1855 मध्ये ते लंडन शहराचे लॉर्ड मेयर झाले. तो मान मिळविणारे ते पहिलेच यहुदी होत. इ. स. 1873 मध्ये ते निवर्तले, तेव्हा त्यांची बॅरोनेट ही पदवी व केंट परगण्यातील टनब्रिज वेल्स गावाजवळचे ब्रूमहिल नावाचे विस्तीर्ण घर ही दोन्ही या पुतण्याकडे आली. पुतण्याचे वय त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते.

बाविसाव्या वर्षी अमाप संपत्ती हाती आली म्हणजे मनुष्याची काय दशा होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु आमच्या चरित्रनायकांची ओढ निराळीच होती. लंडन व केंब्रिज येथे त्यांचे शिक्षण झाले होते व सृष्टिशास्त्राची गोडी त्यांस लागली होती. त्यांनी आपल्या घरी कारखाने उभारले, हत्यारे आणविली, आणि अंगावरील कोट उतरवून ते स्वतःच्या हातांनी काम करू लागले. आपल्या घरात विजेचे दिवे लावणाऱ्या पहिल्या काही इंग्रजांत त्यांची गणना होते. विजेचे दिवे कसे बसवावे व वीज साठविणाऱ्या बॅटऱ्यांची निगा कशी राखावी यावर त्यांनी एक व्यवहारोपयोगी ग्रंथही लिहिला. शास्त्रीय प्रयोग लोकांस दाखविता यावेत म्हणून त्यांनी घरास जोडून एक नाट्यगृहच बांधले.

मोटारीच्या इतिहासातही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. इ. स. 1865 च्या एका कायद्याने इंग्लंडातील रस्त्यांवर स्वयंचलित गाडीस गावाबाहेर ताशी 4 मैल व गावात ताशी 2 मैल एवढ्याच वेगाने जाण्याची मुभा होती, आणि गाडीपुढे एका माणसाने पायी चालावे असा नियम होता. हा नियम अवजड वाफेच्या गाड्यांसाठी केलेला. परंतु त्यामुळे नव्या हलक्या मोटारीचीही कोंडी झाली होती. सर डेव्हिड यांनी 15 ऑक्टोबर 1895 रोजी टनब्रिज वेल्स येथे मोटारगाड्यांचे प्रदर्शन भरविले. इंग्लंडातील या जातीचे हे पहिलेच प्रदर्शन होय. गाड्या मोजक्याच होत्या, परंतु त्या पाहावयास लोक लोटले. त्यानंतर त्यांनी एक मंडळ स्थापून कायदा बदलण्याची खटपट केली, व पुढल्याच वर्षी नवा कायदा होऊन मोटारींचा मार्ग मोकळा झाला.

विजेच्या व मोटारीच्या या पुरस्कर्त्याने आपले उत्तरायुष्य शंभर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खिशातील घड्याळांच्या नादी घालवावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु ती घड्याळे म्हणजे काय वस्तू होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यात विचित्र काही राहत नाही.

घड्याळाचे मूळ काम एकच, ते म्हणजे तास व मिनिटे दाखविणे. त्याहून अधिक जे काम घड्याळ करील, त्यासाठी आत बसविलेल्या यंत्ररचनेस घड्याळकार कॉम्प्लिकेशन असे म्हणतात. आम्ही तीस येथे जोडयंत्र म्हणू. यांपैकी एक जोडयंत्र वेळ वाजवून सांगणारे असते. घड्याळाची एक कळ दाबली की आतील बारीक हातोड्या तारेवर ठोके देऊ लागतात. समजा, सात वाजून अडतीस मिनिटे झाली आहेत. तर प्रथम तासांचे सात ठोके पडतील, मग दोन पावतासांचे दोन जोडठोके, आणि शेवटी उरलेल्या आठ मिनिटांचे आठ ठोके. दिवे मालवून निजलेल्या मनुष्यास मध्यरात्री अंथरुणातच वेळ कळावी, यासाठी ही युक्ती. दुसरे जोडयंत्र पंचांगाचे. त्यात तारीख, वार व महिना आपोआप बदलतात. एवढेच नव्हे, तर कोणता महिना तीस दिवसांचा व कोणता एकतीस दिवसांचा, हेही त्यास कळते. अशा घड्याळांत बहुधा चार वर्षांत एक फेरा करणारे एक चाक असते व त्याच्या कडेवर आखूड महिन्यांसाठी कमीअधिक खोल खाचा असतात. खाच जितकी खोल तितका महिना लहान. म्हणून फेब्रुवारीची खाच सर्वांत खोल, आणि लीप वर्षाच्या फेब्रुवारीची किंचित उथळ. चार वर्षांचे गणित अशा रीतीने एका पितळी चाकावर कोरून ठेवलेले असते.

तिसरे जोडयंत्र आमच्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस विशेष आवडेल. सूर्य माथ्यावर येण्याच्या दोन वेळांमधील अंतर वर्षभर अगदी सारखे नसते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे व तिचा आस कललेला आहे, ही त्याची कारणे होत. घड्याळ मात्र सर्व दिवस सारखे मानून चालते. त्यामुळे छायायंत्राची वेळ व घड्याळाची वेळ यांत फरक पडतो. नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य घड्याळाच्या सुमारे 16 मिनिटे पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे 14 मिनिटे मागे, आणि वर्षातून चार वेळा दोघांचा मेळ बसतो. हा फरक रोजच्या रोज दाखविणारा काटा खिशात मावणाऱ्या घड्याळात बसविणे म्हणजे आकाशाचे गणित तळहातावर आणणे होय.

ही विद्या ज्याने कळसास नेली तो अब्राहम लुई ब्रेगे. तो 1747 मध्ये स्वित्झर्लंडातील नूशातेल येथे जन्मला, लहानपणी पोरका झाला, आणि घड्याळकार असलेल्या सावत्र बापाच्या घरी या धंद्याची अक्षरे गिरविली. इ. स. 1775 मध्ये पॅरिस शहरी सीन नदीच्या काठी त्याने स्वतःचे दुकान थाटले. चालणाऱ्याच्या हालचालीनेच आपली किल्ली देऊन घेणारे घड्याळ त्याने सुधारून वापरात आणले; पडल्याने घड्याळाचा नाजूक आस मोडू नये म्हणून त्यास लवचीक आधार दिला; आणि घड्याळ उभे धरल्याने त्याच्या चालीत जी चूक होते ती चोहो बाजूंस वाटली जाऊन नाहीशी व्हावी म्हणून नियामक भागच एका फिरत्या पिंजऱ्यात बसविला. या शेवटच्या युक्तीचे पेटंट त्यास 1801 मध्ये मिळाले. त्याची कीर्ती एवढी पसरली की त्याच्या हयातीतच त्याच्या नावाची खोटी घड्याळे बाजारात विकली जाऊ लागली. तेव्हा त्याने तबकडीवर आपली सही इतक्या सूक्ष्म रेषांनी कोरण्यास आरंभ केला की ती प्रकाशात तिरपी धरल्याखेरीज दिसू नये.

इ. स. 1783 मध्ये फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या रक्षकदलातील एका अधिकाऱ्याने ब्रेगे यास एक घड्याळ करावयास सांगितले. त्या काळी ठाऊक असलेली सर्व जोडयंत्रे त्यात असावीत, शक्य तेथे इतर धातूंऐवजी सोने वापरावे, व काळ आणि पैसा यांस मर्यादा नसावी, अशी ती मागणी होती. काळास खरोखरच मर्यादा राहिली नाही! फ्रान्सात राज्यक्रांती झाली, 16 ऑक्टोबर 1793 रोजी राणीचा वध झाला, ब्रेगे यासही काही काळ देश सोडावा लागला. पुढे तो परतला, नेपोलियन उदयास आला व लयास गेला, 1823 मध्ये स्वतः ब्रेगेही वारला. आणि मागणी नोंदविल्यापासून 44 वर्षांनी, 1827 मध्ये, ते घड्याळ त्याच्या मुलाच्या देखरेखीखाली पुरे झाले. त्यात 823 भाग आहेत. मिनिटापर्यंत वेळ वाजविणे, पंचांग, सूर्याच्या व घड्याळाच्या वेळेतील फरक, उष्णतामान, किल्ली आणखी किती वेळ पुरेल याचा काटा, हे सर्व त्यात एकवटले आहे. आतील रचना दिसावी म्हणून त्याची तबकडी स्फटिकाची केलेली आहे. ब्रेगे यांच्या नोंदवहीत त्याचा क्रमांक 160 आहे.

अशा वस्तूंची किंमत सोन्याच्या वजनावरून ठरविणारा धनिक आणि त्यांतील एकेक चाक समजून घेणारा रसिक यांत महदंतर आहे. सर डेव्हिड हे दुसऱ्या जातीचे. यंत्रकाम त्यांनी स्वतः केलेले असल्यामुळे, एखाद्या चाकाचा दात कापणे किती कठीण व तो किती सुबक कापला आहे हे त्यांस डोळ्यांनी ताडता येई. खऱ्याखोट्याची पारख ज्यास नाही त्याने ब्रेगेची घड्याळे जमवू जाणे म्हणजे फसविण्यास आपण होऊन मान पुढे करणे होय. सर डेव्हिड यांनी पारख आधी मिळविली आणि संग्रह मागून केला. त्यांच्याजवळ ब्रेगेच्या कारखान्यातील 124 घड्याळे जमली होती. एकाच कारागिराच्या कामाचा इतका मोठा संग्रह एका माणसाने करावा, हे त्या काळी अपूर्वच होते.

याच सुमारास त्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. त्यांस कन्या अनेक होत्या, परंतु पुत्र एकच. त्याचे नाव डेव्हिड रेजिनाल्ड. पहिल्या महायुद्धात तो केंटच्या इंजिनियर पलटणीत कॅप्टन होता व त्याच्या हाताखालील पुष्कळ शिपाई त्याच्या घराच्या आसपासच्याच गावांतील होते. 28 ऑक्टोबर 1915 च्या रात्री गॅलिपोलीच्या किनाऱ्याजवळ हाइथ नावाच्या त्यांच्या बोटीस दुसऱ्या एका मोठ्या जहाजाची धडक बसली, आणि ती थोड्याच मिनिटांत बुडाली. दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत हा तरुण कॅप्टनही होता. त्याने आपला तरंगपट्टा आपल्या एका माणसास देऊन टाकला असे सांगतात. तो त्या वेळी तीस वर्षांचा होता. पदवी, घर, नाव ज्याच्याकडे जावयाचे तोच गेला. साठी ओलांडलेल्या पित्याचे मन कसे झाले असेल, हे मुलेबाळे असलेल्या आमच्या वाचकांनीच जाणावे.

कित्येक माणसे अशा आघाताने खचून जातात व जगाकडे पाठ फिरवितात. सर डेव्हिड यांनी तसे केले नाही. इ. स. 1917 मध्ये राणीचे ते क्रमांक 160 चे घड्याळ त्यांनी लंडनमध्ये विकत घेतले. ज्या राणीसाठी ते केले तिने ते कधीच पाहिले नाही. ज्याने योजिले त्यास ते पुरे झालेले पाहता आले नाही. आणि ज्याने ते आता घेतले त्यास ते आपल्या पुत्राच्या हाती देता येणार नव्हते. पुढे 1921 मध्ये सर डेव्हिड यांनी ब्रेगेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्या कारागिराचे चरित्र, त्याच्या युक्त्यांचे वर्णन व आपल्या संग्रहातील घड्याळांची चित्रे त्यांनी दिली. म्हणजे जे वंशजास देता येत नव्हते, ते त्यांनी वाचकांस देऊन टाकले. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम हेच होय. घड्याळे विकत घेण्यास पैसा लागतो; परंतु आपण जे जाणले ते श्रमपूर्वक लिहून सर्वांच्या स्वाधीन करण्यास मनाचे औदार्य लागते.

19 एप्रिल 1925 रोजी सर डेव्हिड यांनी इहलोकची यात्रा संपविली. पुत्र नसल्यामुळे त्यांची पदवी त्यांच्याबरोबरच संपली. संग्रहातील निवडक 57 घड्याळे त्यांनी आपली कन्या वेरा हिला दिली. त्यांत राणीचे घड्याळही होते. कन्या पित्यास साजेशी निघाली. ब्रूमहिलचे घर तिने केंट परगण्यास लोकोपयोगासाठी दिले. पुढे ती जेरुसलेमशी जोडली गेली. तेथे इस्लामी कलेचे गाढे पंडित लिओ मायर हे तिचे गुरू होते. त्यांच्या स्मरणार्थ इस्लामी कलेचे एक संग्रहालय उभारावे असे तिने ठरविले. भांडणाऱ्या शेजाऱ्यांनी एकमेकांच्या कलेचे मोल जाणावे, हा तिचा हेतू होता. वेरा 1969 मध्ये निवर्तली. संग्रहालय 1974 मध्ये उघडले, व पित्याची घड्याळे तेथे सर्वांस पाहण्यास ठेवण्यात आली.

येथे ही कथा संपली असती तर बरे झाले असते. परंतु 15 एप्रिल 1983 च्या रात्री एक चोर त्या संग्रहालयात शिरला व राणीच्या घड्याळासह 106 वस्तू घेऊन पसार झाला. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांचा मागमूस लागला नाही. चोराच्या हाती जगातील अमोल ठेवा आला होता, पण त्याचा त्यास उपयोग काय? प्रत्येक घड्याळाचा क्रमांक, वर्णन व चित्र जाणकारांस ठाऊक होते. राणीचे घड्याळ उघडपणे विकू जाणे म्हणजे आपण होऊन बेड्या मागणे. तेव्हा ती घड्याळे तिजोऱ्यांच्या अंधारात पडून राहिली. 2004 मध्ये चोर मरण पावला. 2006 मध्ये एका वकिलामार्फत 39 वस्तू संग्रहालयाच्या हाती आल्या, आणि त्यांत क्रमांक 160 चे घड्याळ होते! 2008 मध्ये फ्रान्सात आणखी 43 सापडल्या. अशा रीतीने 106 पैकी 96 वस्तू स्वस्थानी परत आल्या. मधल्या काळात, मूळ घड्याळ कायमचे गेले असे समजून, ब्रेगेच्या नावाने चालणाऱ्या कंपनीने जुनी चित्रे व नोंदी यांवरून त्याची हुबेहूब प्रतिकृती करविली, व ती 2008 मध्ये लोकांपुढे ठेवली. खुद्द मूळ घड्याळ 2024 च्या डिसेंबरात लंडनच्या विज्ञान संग्रहालयातील एका प्रदर्शनात काही महिने ठेवण्यात आले. ज्या शहरी सर डेव्हिड यांनी ते विकत घेतले, त्याच शहरी ते शंभराहून अधिक वर्षांनी पाहुणे म्हणून आले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. तीच घड्याळे सर डेव्हिड यांच्याजवळ होती आणि तीच त्या चोराजवळही होती. एकाने ती उघडून पाहिली, समजून घेतली, त्यांवर लिहिले व योग्य हाती सोपविली. दुसऱ्याने ती कागदात गुंडाळून दडविली व मरेपर्यंत भीतीने राखली. वस्तू जवळ असणे हे दोघांसही साधले. परंतु संग्राहक म्हणण्यास एकच पात्र झाला. जी वस्तू आपण कोणास दाखवू शकत नाही व जिच्याविषयी आपणांस काही सांगता येत नाही, ती आपली असूनही आपली नव्हे.

म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांस आमचे एवढेच सांगणे आहे की, तिकिटे जमवा, नाणी जमवा, पाने वा पिसे जमवा. परंतु प्रत्येकाखाली त्याचे नाव, त्याचे गाव व ते कसे मिळाले हे सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवा, आणि जो पाहू इच्छील त्यास दाखवा. आणि पालकांस आमची विनंती अशी की, घरात आजोबांच्या काळचे एखादे बंद पडलेले खिशातील घड्याळ कोणत्या पेटीत पडले असेल, तर ते मुलांस एकदा दाखवावे. त्याचे मागचे झाकण जपून उघडून आतील चाके त्यांस पाहू द्यावीत, व ते कोणाचे, कोणी वापरलेले, हे सांगावे. ते घड्याळ चालू होवो अथवा न होवो, त्या मुलाच्या मनातील एखादे चाक निश्चित चालू होईल.